पुडीचा गुण आणि बुधवारची गोळी

काकू, नमस्कार.

माझ्या सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत. आमचं जुनं घर पंचवटीत, आता सगळे इंदिरानगरला राहतो. दिवाळीनंतर त्यांचे दोन्ही हात दुखायला लागले. आधी वाटलं, फराळाची दगदग झाली. मग बोटांच्या मुळाशी सूज आली, मनगटं धरली. सकाळी चहाचा कप दोन्ही हातांनी उचलावा लागायचा, दहा वाजेपर्यंत कणकेला हात लावता यायचा नाही. संक्रांतीच्या आधी पाटल्या निघेनात म्हणून सराफ बाजारात नेऊन कापून काढल्या. त्या दिवशी आई खूप रडल्या.

घरचे डॉक्टर म्हणाले, वय आहे, थंडी आहे. मग मामेसासऱ्यांनी कुठून तरी वाताची पुडी आणली. तिसऱ्या दिवशी आई स्वयंपाकघरात! दोन महिने झाले, रोज घेतात. आता चेहरा फुगल्यासारखा दिसतो आणि कधी नव्हती ती साखर वाढली आहे. शेवटी मी हट्टाने सांधेतज्ज्ञांकडे नेलं. तपासण्या झाल्या, त्यांनी आमवात (रूमॅटॉइड आर्थ्रायटिस) सांगितला आणि मेथोट्रेक्सेट लिहून दिलं, आठवड्यातून एकदा. पुडीचं मात्र आईंनी मला सांगू दिलं नाही. घरी येऊन बाबांनी मोबाइलवर पाहिलं तर ते कॅन्सरचं औषध निघालं. गोळ्या कपाटात तशाच आहेत. आई म्हणतात, पुडीने बरं वाटतंय तर विष कशाला खाऊ? आंबट सगळं बंद केलंय, दही-ताकसुद्धा. ह्यांना वेगळीच धास्ती, हे आपल्याला आणि आपल्या मुलीला होणार का. मी काय करू?

– इंदिरानगरची सून

अगं, तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा पाटल्यांपाशी थांबले. माझी अंगठी अशीच कापावी लागली होती, तीही सराफ बाजारातच. सोनाराने कटर चालवता चालवता सहज विचारलं, "काय आजी, वात का?" मी तेव्हा साठीची. आजी म्हणवून घ्यायची तयारी नव्हती, वाताची तर मुळीच नव्हती.

मी डॉक्टर नाही. नाशिकरोडला शाळेत मराठी शिकवलं. निवृत्तीनंतर दोनच वर्षांत हात गेले आणि आता सोळा वर्षं हा आजार सांभाळून आहे. तेव्हा पुढचं सगळं, डॉक्टरांकडे जाताना कुणी जुनं जाणतं सोबत असावं, अशा भावनेने वाच.

आधी पुडी. रागाच्या भरात ती आज कचऱ्यात टाकू नकोस, आणि आईंनाही उद्यापासून एकदम बंद करायला लावू नकोस. उद्या-परवाकडे त्याच सांधेतज्ज्ञांकडे परत जा, उरलेल्या पुड्या पिशवीत घालून सोबत ने आणि रोज किती, कधीपासून, ते सगळं सांग. बिननावाच्या, बिनलेबलाच्या वाताच्या पुड्यांमध्ये स्टिरॉइड आणि दुखणं मारणाऱ्या गोळ्यांची भुकटी मिसळलेली सापडते, हे डॉक्टर लोक वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. तुमच्या पुडीत काय आहे ते मी इथे बसून सांगू शकत नाही. पण तीन दिवसांत उतरलेली सूज, गोल झालेला चेहरा आणि नव्याने चढलेली साखर ही तिन्ही बोटं एकाच दिशेला दाखवतात.

एकदम बंद का नाही, ते नीट समजून घे, कारण घरात हे तुलाच समजावून सांगावं लागणार आहे. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारखी एकेक ग्रंथी असते. शरीराला रोज लागतं तेवढं स्टिरॉइड ती स्वतः बनवते. बाहेरून आयतं यायला लागलं की ग्रंथी हात आखडता घेते. दोन महिन्यांनी बाहेरचा पुरवठा अचानक तुटला तर ती लगेच कामाला लागत नाही. मग रक्तदाब कोसळतो, उलट्या होतात, माणूस गळून जातो. म्हाताऱ्या माणसाच्या जिवावरही बेतू शकतं. डॉक्टर मोजून मापून, नाव लिहिलेली स्टिरॉइडची गोळी देतात आणि हळूहळू उतरवत नेतात. मधल्या काळात आईंना उलट्या, चक्कर, ग्लानी असं काही दिसलं तर थेट दवाखाना गाठ आणि तिथे पहिलं वाक्य हेच बोल की दोन महिने स्टिरॉइड असलेली पुडी पोटात गेली असावी. डॉक्टर रागावतील या भीतीने आई गप्प राहिल्या असणार. रागावले तर रागावोत. माझ्यावरही एकदा रागावले होते, त्याने माझं काही कमी झालं नाही.

आईंचं म्हणणं मला पुरतं कळतं हो. जो हात चार महिने कप धरत नव्हता तो तिसऱ्या दिवशी भाकरी थापू लागला, मग त्या पुडीवर विश्वास का नाही ठेवायचा? थेट असंच जगाच्या पाठीवर एकदा झालेलं आहे. १९४८ च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच नावाच्या डॉक्टरने आमवाताने अंथरुणाला खिळलेल्या एका तरुण बाईला पहिल्यांदा कॉर्टिझोन नावाचं स्टिरॉइड टोचलं. काही दिवसांतच ती बाई चालत बाजारहाटाला गेली. १९५० मध्ये त्या शोधाला नोबेल मिळालं. आणि त्याच काळात हेही दिसायला लागलं, की मोठ्या मात्रेत देत राहिलं तर चेहरे सुजतात, हाडं ठिसूळ होतात, साखर आणि रक्तदाब चढतो, जंतुसंसर्ग होतात आणि औषध कमी केलं की दुखणं दामदुप्पट परत येतं. म्हणजे तुमच्या पुडीवाल्याचा चमत्कार आहे तो तेव्हाचाच, फक्त मात्रा लिहिलेली नाही. आमवातात तीन दिवसांत एवढा गुण आला, तर मला पहिली शंका तिथेच येते.

आणि कुणी म्हणालं की काकू आयुर्वेदाच्या विरोधात आहेत, तर त्यांना सांग, मुळीच नाही. उलट आयुर्वेदाने आमवात, संधिगत वात आणि वातरक्त अशी तीन वेगळी घरं पाडून ठेवली आहेत. आपणच सगळ्याला सरसकट 'वात' म्हणून मोकळे होतो. शिकलेला वैद्य नाडी बघतो, औषधाचं नाव लिहून देतो, चिठ्ठीवर स्वतःची सही करतो. पुडीवर कुणाची सही आहे?

आता 'वय झालं' या शब्दांबद्दल. माझे आठ महिने या दोन शब्दांनी खाल्ले. गुडघा झिजतो तो वयाने, ते खरं. जिना चढताना दुखतो, बसलं की बरं वाटतं, सकाळी पाच-दहा मिनिटं आखडतो आणि सुटतो. आमवाताची चाल याच्या उलटी. इथे शरीराची राखणदार यंत्रणाच चुकून आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर धावून जाते. ते अस्तर सुजतं, आणि तसंच राहू दिलं तर शेजारचं हाड कुरतडतं. त्यामुळे विश्रांतीने बरं वाटणं दूरच. रात्रभर झोपून उठल्यावर सगळ्यात जास्त आखडलेलं असतं, आणि ते सुटायला तास-दोन तास लागतात. तुझं 'दहा वाजेपर्यंत कणकेला हात नाही' हे वाक्य कुठल्याही रिपोर्टइतकं बोलकं आहे. दोन्ही हात सारखे धरले, बोटांची मुळं आणि मनगटं सुजली, नखाजवळची पेरं मात्र बहुतेक सुटली, हीसुद्धा त्याचीच खूण. आईंना एकदा विचार, सकाळी पलंगावरून पाय खाली टाकल्यावर चवड्याखाली खडे टोचल्यासारखं होतं का? बायका हे सांगत नाहीत, चपलेला दोष देतात.

हा आजार तरुणपणीच होतो असा एक समज आहे. साठीनंतरही नव्याने होतो, आणि तेव्हा त्याचा थाट जरा निराळा असतो. पुष्कळदा एकाएकी येतो, खांद्यांसारखे मोठे सांधे धरतो, वजन उतरतं, बारीक ताप राहतो, माणूस मरगळतो. तरुणपणी बायकांची संख्या पुरुषांच्या दोन-तीन पट असते, उतारवयात ती दरी पुष्कळ कमी होते. तेव्हा तुझ्या सासऱ्यांच्या मित्रमंडळीत कुणाचे खांदे अचानक धरले असतील तर त्यांनाही हे वाचायला दे. रक्ताच्या तपासणीचीही एक गंमत असते. आर.ए. फॅक्टर ही आमवाताची नेहमीची तपासणी काही धडधाकट म्हाताऱ्यांमध्येही पॉझिटिव्ह येतो आणि आमवात असलेल्या काहींमध्ये निगेटिव्ह. अँटी-सीसीपी ही दुसरी तपासणी त्या मानाने जास्त भरवशाची. चिकुनगुन्या होऊन गेल्यावरही सांधे महिनोन्महिने असेच सुजून राहू शकतात. म्हणून नुसता कागद वाचून निदान होत नसतं, सांधे दाबून बघणारा माणूस लागतो. तुम्हाला तो मिळाला आहे. त्याला सोडू नका.

आता कपाटातल्या गोळ्या. बाबांनी मोबाइलवर वाचलं ते खोटं नाही. मेथोट्रेक्सेट कॅन्सरमध्ये वापरतात. पण तिथे काही वेळा एका खेपेला हजारो मिलिग्रॅम देतात आणि आमवातात आठवड्याला साधारण साडेसात ते पंचवीस मिलिग्रॅम. इतक्या कमी मात्रेत ते त्या चवताळलेल्या राखणदाराला शांत करतं. अमेरिकेत आमवातासाठी त्याला १९८८ मध्ये मान्यता मिळाली आणि आज जगभर या आजारात पहिलं हाती घ्यायचं औषध बहुधा हेच असतं. वरून ते महागडंही नाही. वय जास्त किंवा मूत्रपिंड जरा अशक्त असेल तर डॉक्टर कमी मात्रेपासून सुरू करतात.

त्याची खरी भीती कुठे बाळगायची ते सांगते. आठवड्यातून एकदा म्हणजे एकदाच. रोज घेतलं गेलं तर तोंड सोलतं, रक्तातल्या पेशी घसरतात, माणूस दगावूही शकतो. मला एकदा औषधाच्या दुकानातून पाकिटावर पेनाने 'रोज १' असं लिहून मिळालं होतं. मास्तरीण असल्याचा हा एक फायदा, दुसऱ्याने लिहिलेलं तपासायची खोड जात नाही. तेव्हापासून माझ्या घरी नियम आहे: गोळी बुधवारी रात्री, जेवल्यावर. बुधवार का, तर गंगेवरचा, म्हणजे गोदाकाठचा बुधवारचा बाजार. आठवडा कुठलाही असो, बुधवार चुकत नाही. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर त्या तारखेला लाल पेनाने गोल करते. तुझ्या सासूबाई पंचवटीच्या, म्हणजे कपालेश्वराचा सोमवार धरत असतील. मग सोमवार नको, उपाशीपोटी मळमळ जास्त जाणवते. वार त्यांनाच ठरवू दे. आपण ठरवलेला वार माणूस पाळतो, सुनेने ठरवलेला विसरतो. (रागावू नकोस, मीही सासू आहे.) डबा मात्र तुझ्या ताब्यात ठेव, आणि नवी पट्टी आणली की मिलिग्रॅमचा आकडा दर वेळी वाच, एकाच नावाच्या गोळ्या पाच-सहा ताकदींत येतात. सोबत फोलिक अॅसिड दिलं असेल, ते मेथोट्रेक्सेटच्या वारी घ्यायचं नाही, डॉक्टरांनी सांगितलेल्या वेगळ्या दिवशी घ्यायचं. त्याने तोंड येणं, मळमळ कमी होते.

सुरुवातीला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त तपासायला सांगतील: रक्तपेशी, लिव्हर, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन. नंतर दोन-तीन महिन्यांनी. ही तपासणी कंटाळा करून चुकवायची नाही, औषधाची राखण तीच करते. तोंडात फोड, ताप, सुका खोकला आणि धाप, डोळे पिवळे, यातलं काही आलं तर पुढची गोळी न घेता फोन. जुलाब-उलट्यांनी शरीर सुकलं असेल तरी आधी विचारा, मग गोळी. आणि लघवीच्या संसर्गासाठी किंवा आणखी कशासाठी दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात तर 'मेथोट्रेक्सेट चालू आहे' हे आधी सांगा. को-ट्रायमॉक्साझोलसारखी काही अँटिबायोटिक्स त्याच्याबरोबर धोकादायक ठरतात. दुखलं की मेडिकलमधून पेनकिलरची पट्टी आणायची सवय बाबांना असेल तर तीही मोड. ब्लडप्रेशरच्या गोळ्या चालू असलेल्या म्हाताऱ्या माणसाची मूत्रपिंडं आणि पोट त्या पट्ट्यांनी बिघडतं, आणि मूत्रपिंड बिघडलं की हे औषध अंगात साठतं. फ्लू, न्यूमोनिया, नागीण यांच्या लसींबद्दल याच भेटीत विचारून ठेव.

आणि हे सगळ्यात आधी आईंच्या कानावर घाल, नाहीतर तीन आठवड्यांनी त्या म्हणतील, बघ, काही उपयोग नाही. हे औषध सावकाश चढतं. सहा आठवडे, आठ आठवडे, पुरता गुण दिसायला कधी बारा. माझा सातवा आठवडा मला अजून आठवतो. सकाळी नळ सोडला आणि दात घासून झाल्यावर लक्षात आलं, की नळ मी एका हाताने सोडला होता. बस, एवढंच. वाजतगाजत काही नाही. तोपर्यंतचे दिवस काढायला डॉक्टर कदाचित स्टिरॉइडचीच छोटी गोळी देतील. घाबरू नका, तिची मात्रा चिठ्ठीवर लिहिलेली असेल आणि ती कधी उतरवायची तेही. एवढं करून मेथोट्रेक्सेट पुरं पडलं नाही तर पुढची औषधं आहेत, इंजेक्शनं आहेत, त्यांच्याआधी क्षयाची तपासणी करतात. ते सगळं आत्ता डोक्यात घेऊ नकोस.

दही-ताक आजच सुरू कर. आंबटाने आमवात होतो याला आधार नाही, आणि स्टिरॉइड पोटात गेलेल्या हाडांना कॅल्शियम हवंच आहे. आंबटाने सांधे धरत असते तर द्राक्षाच्या हंगामात निफाड-दिंडोरीची माणसं उठली नसती. अमुक एक पदार्थ खाल्ला की मला त्रास होतो, असं आईंना दोन-तीनदा स्पष्ट जाणवलं तर तेवढा सोडावा. डाळी, उसळी, अंडं चालत असेल तर अंडं, हे मात्र भरपूर हवं. या आजारात दंडाचं-मांडीचं मांस झपाट्याने उतरतं.

तुझ्या नवऱ्याला सांग, आई-वडिलांना असला तर धोका थोडा वाढतो, पण बहुतेक मुलांना हा आजार होत नाही, आणि मुलीच्या कसल्याही तपासण्या करायची गरज नाही. ते सिगारेट ओढत असतील तर ती सोडावी. या आजाराला जवळ आणणारी, आपल्या हातात असलेली ठळक गोष्ट तीच.

घरात दोन-चार बदल कर, पण गाजावाजा न करता. फिरवायचे नळ काढून दांड्याचे बसव. कमोड नसेल तर कमोड आणि शेजारी भिंतीला धरायला दांडा. पुढून हुकांचे ब्लाउज, तेही सैल. कुकर आणि बरण्या उघडायचं काम नातीकडे. सकाळी उठल्या उठल्या हात कोमट पाण्याच्या पातेल्यात दहा मिनिटं, त्याच पाण्यात बोटं उघड-मीट. आपल्याकडची थंडी आजार आणत नाही, पण आखडलेपण वाढवते. निफाडचा पारा पेपरात पहिल्या पानावर आला की मी लोकरीचे हातमोजे घालूनच झोपते. सांधा गरम, लाल, टम्म सुजलेला असेल तेव्हा तेल लावून रगडायला कुणाला देऊ नकोस. त्या दिवशी त्याला विश्रांती आणि गार पट्टी. सूज ओसरली की फिजिओथेरपिस्ट शिकवेल तो व्यायाम, रोज.

पण स्वयंपाकघरातून त्यांना उठवू नकोस. मला सगळ्यांनी इतक्या प्रेमाने 'तू बस' म्हटलं, की दोन महिन्यांत मला बसण्याचाच आजार जडला. पुडी सुटावी असं वाटत असेल तर हे लक्षात घे, की आईंना पुडीने नुसता आराम दिला नाही, ओटा परत दिला. तू तो काढून घेतलास तर त्या पुडीकडेच जातील. कणीक तू मळ किंवा यंत्राने मळ, पोळ्या त्यांना लाटू दे, दहा लाटायच्या तिथे चार. फोडणी त्यांच्या हातची असू दे. दुपारी हात मोकळे असतात, अवघड काम तेव्हा. आणि बाबांना सांग, गोळ्यांची माहिती मोबाइलवरून वाचायची तर पुडीचीही वाचा. सापडली तर मला कळवा.

पाटल्यांचं राहिलं. तुकडे तसेच डबीत ठेव. मोडून नव्या करायची घाई करू नका, आत्ताचं माप सुजेचं आहे. मी अंगठी लगेच मोठी करून घेतली आणि वर्षभरात ती भांडी घासताना बोटातून गळून पडली; मोरीच्या जाळीत अडकली म्हणून मिळाली. दिवाळीपर्यंत थांबा. मग सासू-सुना दोघी मिळून सराफ बाजारात जा, सकाळी नको, दुपारी जा, आणि माप दोन्ही हातांचं घ्यायला सांग. आता ते सारखं नसेल.